कोटीत एक नाव

आजवर या पृथ्वीवर किती माणसं जन्माला आली असतील? लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या ‘पॉप्युलेशन रेफरन्स ब्युरो’ या अमेरिकी संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे ११,७०० कोटी. त्यातले आज हयात असलेले सुमारे ८०० कोटी. बाकीचे सगळे येऊन गेले.

या सगळ्यांची हजेरी घ्यायची ठरवली, दर सेकंदाला एक नाव, रात्रंदिवस, मध्ये एकदाही न थांबता, तर किती वेळ लागेल? ३,७०० वर्षं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती होऊ लागली, साधारण त्या सुमारास ही हजेरी सुरू झाली असती, तर ती आता कुठे संपत आली असती.

आता दुसरी हजेरी घेऊ, फक्त जगप्रसिद्ध माणसांची. एमआयटी या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी ‘पँथिऑन’ नावाची एक यादी तयार केली. तिची अट सोपी होती: ज्या माणसाचं चरित्र विकिपीडियावर २५ हून अधिक भाषांत लिहिलं गेलंय, तो जगप्रसिद्ध. २०१३ पर्यंतची माहिती चाळून, एकेक नोंद तपासून हाती आली ती नावं होती ११,३४१. राजे, कवी, वैज्ञानिक, नट, खेळाडू, धर्मसंस्थापक, क्रूरकर्मे, सगळे धरून. ही हजेरी ३ तास ९ मिनिटांत संपते.

एका बाजूला ३,७०० वर्षं आणि दुसऱ्या बाजूला ३ तास ९ मिनिटं. भागाकार केला तर उत्तर येतं, साधारण एक कोटी माणसांमागे एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. याच प्रमाणाने त्या वेळच्या अख्ख्या महाराष्ट्रातून जगाच्या लक्षात राहावीत अशी माणसं निघतील अकरा.

यादी निर्दोष नाही. ती युरोप-अमेरिकेकडे झुकलेली आहे, स्त्रिया तिच्यात फार थोड्या आहेत, आणि लेखी परंपरा नसलेल्या समाजांना तिच्यात जवळजवळ जागाच नाही. पण प्रसिद्धी किती चिंचोळ्या दारातून आत जाते, याचा अंदाज ती देते. मग या दारातून कोण आत जातं आणि का? कर्तृत्व मोठं म्हणून नाव मोठं, हे उत्तर आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ आहे. आकडे मात्र ते पुरतं मान्य करत नाहीत.

सात सेंटिमीटर

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक. महिलांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी. पी. टी. उषा चौथी आली, वेळ ५५.४२ सेकंद. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्टियाना कोजोकारूची वेळ ५५.४१. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्या वेगाने शंभराव्या भागात सुमारे सात सेंटिमीटर अंतर कापलं जातं. ४०० मीटरच्या शर्यतीत सात सेंटिमीटर.

पदक कोजोकारूला मिळालं. पण तिचं नाव आज भारतात किती जणांना सांगता येईल? उषाचं नाव ठाऊक नाही असा माणूस मात्र शोधावा लागेल. सात सेंटिमीटरनी पदक नेलं, नाव नेलं नाही. उलट ती हुकलेली सात सेंटिमीटरच उषाच्या कथेचा कळस ठरली.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवू. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना लोकांकडून पैसे उभे करावे लागले होते. परतल्यावर कराड ते गोळेश्वर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असं आजही तिकडे अभिमानाने सांगतात. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षं. या कामगिरीची उंची त्या ४४ वर्षांवरूनच कळते. तरीही खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

खाशाबांचं अपघाती निधन झालं १४ ऑगस्ट १९८४ रोजी. उषाच्या त्या शर्यतीनंतर अवघ्या सहा दिवसांनी. त्या आठवड्यात हुकलेल्या पदकाची हळहळ देशभर होती, आणि ज्यांनी पदक आणलं होतं ते त्याच आठवड्यात गेले.

यात उषाचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. फरक काळाचा होता. १९५२ साली भारतात दूरचित्रवाणी नव्हती, ती आली १९५९ साली. १९८४ पर्यंत रंगीत दूरदर्शन आलेलं होतं, शर्यत संपताना छाती पुढे झोकणाऱ्या धावपटूचं चित्र घरातल्या पडद्यावर येऊ शकत होतं. खाशाबांची कुस्ती पाहणारे भारतीय डोळे मोजकेच होते. तेव्हा कर्तृत्वाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हाही आहे की ते कर्तृत्व पाहायला आणि पुन्हा पुन्हा सांगायला किती माणसं होती.

ठिकाणांचंही असंच आहे. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, के-टूची ८,६११, कांचनगंगेची ८,५८६. पहिल्या आणि तिसऱ्या शिखरातला फरक तीन टक्क्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर कांचनगंगाच जगातलं सर्वांत उंच शिखर मानलं जाई. १८५२ च्या सुमारास सर्वेक्षण खात्यातले मुख्य गणक राधानाथ शिकदार यांच्या आकडेमोडीतून ‘शिखर क्रमांक १५’ पुढे आलं. या शिखराला नाव मिळालं ते त्याच खात्यातून १८४३ सालीच निवृत्त झालेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचं. ज्याने गणित मांडलं त्याचं नाव शिखरावर नाही आणि शाळेच्या पुस्तकातही क्वचितच असतं.

१९५३ साली एव्हरेस्टवर पोहोचलेले तेनसिंग आणि हिलरी सगळ्या जगाला माहीत आहेत. दोनच वर्षांनी, १९५५ साली, कांचनगंगेवर पहिल्यांदा पोहोचले जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड. ही नावं गिर्यारोहकांच्या वर्तुळाबाहेर कुणी ऐकलेली नाहीत. उंची तीन टक्क्यांनी घटली आणि प्रसिद्धी जवळपास शून्यावर आली. चंद्राचंही तेच. तिथे बारा माणसं चालली. पहिली पावलं साठ कोटींच्या आसपास लोकांनी पडद्यावर पाहिली. चारच महिन्यांनी तिसरं पाऊल पीट कॉनरॅड यांनी टाकलं. अंतर तेवढंच, धोका तेवढाच, चंद्रही तोच. कॉनरॅड आज कितींना आठवतात?

कर्तृत्व पायरीपायरीने वाढतं, प्रसिद्धी तशी वाढत नाही. पहिल्या क्रमांकाला जवळजवळ सगळंच मिळतं आणि त्याच्या खालोखाल असणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

रिकाम्या भिंतीसमोरची गर्दी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाचं चित्र आहे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. दोन हातांत धरता येईल एवढी पॉपलरच्या लाकडाची फळी. त्याच दालनात तिच्या अगदी समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या व्हेनिसच्या चित्रकाराचं ‘काना येथील लग्नसमारंभ’ हे भव्य चित्र आहे. त्याची उंची ६.७७ मीटर, रुंदी ९.९४ मीटर. लूव्रमधलं हे सर्वांत मोठं चित्र, आणि त्यात शंभराहून अधिक माणसं रंगवलेली आहेत. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोनालिसा १६५ वेळा त्यात मावते.

२०१८ साली लूव्रला १ कोटी २ लाख लोकांनी भेट दिली. त्या दालनात उभं राहिलं की दिसतं ते असं: शेकडो माणसं एकाच दिशेला तोंड करून, हात उंचावून, मोबाइलमध्ये तो लहानसा चेहरा टिपताहेत. १६५ पट मोठं चित्र त्या सगळ्यांच्या पाठीमागे आहे.

मोनालिसा लिओनार्दोच्या हातची, तिच्या थोरवीबद्दल जाणकारांना आधीपासूनच शंका नव्हती. पण ती चित्रकलेशी संबंध नसलेल्या माणसाच्या घरात शिरली ती २१ ऑगस्ट १९११ नंतर. तो सोमवार होता, संग्रहालय बंद होतं. पूर्वी तिथेच काचा बसवायचं काम केलेल्या विन्सेंझो पेरुजिया या इटालियन कामगाराने चित्र भिंतीवरून उतरवलं आणि घेऊन गेला. ते नाहीसं झाल्याचं लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. मग वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर तिचा चेहरा छापायला सुरुवात केली. ज्यांनी आयुष्यात संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, अशांच्या हातातही तो चेहरा पोहोचला. लूव्र पुन्हा उघडलं तेव्हा हजारो लोक आले आणि चित्र होतं त्या जागी उरलेली रिकामी भिंत आणि खिळे पाहून गेले. त्यांत फ्रान्झ काफ्काही होता. चोरीच्या संशयावरून कवी अपोलिनेरला अटक झाली आणि पिकासोची चौकशी झाली, त्यामुळे बातमी थंडावायचं नावच घेईना.

चित्र सापडलं डिसेंबर १९१३ मध्ये, फ्लॉरेन्सला. जानेवारी १९१४ मध्ये ते परत आलं. या सव्वादोन वर्षांत त्या फळीवर रंगाचा एक थेंबही वाढला नव्हता. चित्र होतं तेच राहिलं, वाढली ती त्याला ओळखणाऱ्या डोळ्यांची संख्या. नंतर प्रत्येक माणूस ते पाहायला आला तो आधीच्या माणसांनी पाहिलं म्हणून. १९६३ साली अमेरिकेत आणि १९७४ साली टोकियोत ते पाहायला पंधरा-पंधरा लाखांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. प्रसिद्धीचं व्याज प्रसिद्धीवरच चढत गेलं.

एकाच गाण्याची दोन नशिबं

मोनालिसाचा इतिहास एकदाच घडला. तो पुन्हा घडवला तर तेच चित्र पुन्हा पहिलं येईल का? चित्राच्या बाबतीत हे तपासता येत नाही. गाण्यांच्या बाबतीत कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी ते तपासून पाहिलं आणि २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले.

त्यांनी कुणाला फारशा माहीत नसलेल्या वाद्यवृंदांची ४८ गाणी घेतली. इंटरनेटवर १४,३४१ लोकांना ती ऐकायला दिली. आवडेल ते गाणं उतरवून घ्यायची मुभा दिली. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. ते आपल्याच कानांवर विसंबून निवड करत होते. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं. आपल्या गटात कोणतं गाणं आतापर्यंत किती जणांनी उतरवून घेतलं, हा आकडा त्यांना गाण्याशेजारी दिसे. एका गटाला दुसऱ्या गटाचं काहीच कळत नसे. म्हणजे त्याच ४८ गाण्यांची आठ स्वतंत्र जगं, आणि प्रत्येक जगाची सुरुवात शून्यापासून.

कानांवर विसंबलेल्या लोकांत एक गाणं २६ वं आलं होतं, अगदी मधलं. तेच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४० वं. सूर तोच, शब्द तेच, गायक तोच. सुरुवातीला चार लोकांनी ते उचललं की नाही, एवढाच फरक, आणि मग पुढचे सगळे त्या चौघांच्या मागे गेले.

या प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. गुणवत्तेला अर्थ आहे. ती दारापर्यंत नेऊन सोडते. पण दाराशी पोहोचलेल्या अनेकांमधून आत कोण जाणार, हे पाहणारे लोक एकमेकांकडे पाहून ठरवतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ सालीच वैज्ञानिकांच्या बाबतीत हे दाखवून दिलं होतं: दोघांनी सारखंच काम केलं तर श्रेय आधीच नाव असलेल्याच्या पदरात पडतं.

आता ४८ गाण्यांऐवजी खऱ्या बाजारात जाऊ. ‘ल्युमिनेट’ ही संस्था जगभरात ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांचा हिशेब ठेवते. २०२३ साली ऑनलाइन उपलब्ध असलेली गाणी तिने मोजली: १८ कोटी ४० लाख. त्यातली ४ कोटी ५६ लाख गाणी वर्षभरात एकदाही वाजली नाहीत. कुणीतरी शब्द जुळवले, चाल बांधली, स्टुडिओत बसून ध्वनिमुद्रण केलं, आणि वर्षभरात एका माणसानेही ते ऐकलं नाही. अशी साडेचार कोटी गाणी. हजार वेळा किंवा त्याहून कमी वाजलेली गाणी धरली तर संख्या जाते १५ कोटी ८६ लाखांवर. शंभरातली ८६.

दुसऱ्या टोकाला कोरियाच्या साय या गायकाचं ‘गंगनम स्टाइल’. १५ जुलै २०१२ रोजी ते यूट्यूबवर आलं आणि २१ डिसेंबरला शंभर कोटींचा टप्पा ओलांडून गेलं. त्याआधी कुठलाच व्हिडिओ तिथे पोहोचला नव्हता. १५९ दिवस, म्हणजे सरासरीने दर सेकंदाला सुमारे ७३ वेळा. यूट्यूबची मोजणी २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकेल अशी बांधलेली होती. सुरुवातीला ती बांधणाऱ्यांना हा आकडा कधी गाठला जाईल असं वाटलंही नसावं. २०१४ च्या अखेरीस या एका गाण्याने तो ओलांडला आणि मोजणीची मर्यादा वाढवावी लागली. साडेचार कोटी गाण्यांना मिळून शून्य, आणि एका गाण्यापुढे यंत्राचे आकडे अपुरे.

लवकर चढणं, लवकर विरणं

नाव झालं तरी ते टिकतं किती? हार्वर्डमधल्या संशोधकांनी गूगलच्या मदतीने सुमारे ५० लाख पुस्तकं संगणकाला वाचायला दिली. आजवर छापल्या गेलेल्या सगळ्या पुस्तकांच्या सुमारे चार टक्के. दरवर्षी जन्मलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ठरलेल्या पन्नासांची नावं या पुस्तकांत कधी दिसू लागतात, किती झपाट्याने वाढतात आणि कधी ओसरतात, हे त्यांनी मोजलं.

१८०० च्या आसपास जन्मलेल्या माणसाचं नाव गाजू लागे ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. विसाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्यांच्या बाबतीत हे वय आलं २९ वर. आधी नाव दुप्पट व्हायला आठ वर्षं लागत, नंतर जेमतेम सव्वातीन. म्हणजे प्रसिद्धी लवकर येते आणि वेगाने वाढते. पण शिखर गाठल्यानंतर नाव निम्म्यावर यायला पूर्वी १२० वर्षं लागत, ती ७१ झाली. आपण माणसांना पूर्वीपेक्षा झपाट्याने मोठं करतो आणि पूर्वीपेक्षा झपाट्याने विसरतो.

हा ७१ वर्षांचा आकडा लक्षात ठेवावा असा आहे, कारण काही नावं त्याला मुळीच जुमानत नाहीत. त्या नावांच्या मागे पाहिलं की तिथे दुसरंच कुणीतरी काम करताना दिसतं.

वही जपणारे

व्हिन्सेंट व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी वारला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. जेमतेम दहा वर्षांत त्याने आठशेहून अधिक तैलचित्रं काढली होती. त्यातलं ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र त्याच वर्षी ४०० फ्रँकला विकलं गेलं, तेव्हा ती मोठीच घटना होती. सहा महिन्यांनी त्याचा भाऊ तेओही गेला. मागे राहिली तेओची बायको योहाना. वय २८, पदरात एक वर्षाचा मुलगा, घरात शेकडो न विकली गेलेली चित्रं आणि पत्रांचा ढीग.

तिने खाणावळवजा घर चालवून पोट भरलं आणि आयुष्यभर एकच काम नेटाने केलं: ही चित्रं लोकांच्या डोळ्यांसमोर आणणं. कोणतं चित्र कधी, कुणाला, कितीला विकलं याची तिने वही ठेवली. १९०५ साली अ‍ॅमस्टरडॅमला तिने साडेचारशेहून अधिक कलाकृतींचं प्रदर्शन भरवलं. १९१४ साली व्हिन्सेंटची पत्रं छापली. १९२५ साली ती वारली, तोवर पत्रांचं इंग्रजी भाषांतर करतच होती. १९९० साली, व्हिन्सेंटच्या मृत्यूला शंभर वर्षं होताना, त्याचं डॉ. गाशे यांचं व्यक्तिचित्र ८ कोटी २५ लाख डॉलरला गेलं. चित्रं व्हिन्सेंटची, पण आपल्यापर्यंत ती पोहोचली योहानामुळे.

आपल्याकडेही असं घडलं आहे, आणि ते मला याहून मोठं वाटतं. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि घरातल्यांनी त्यातल्या काही कागदावर उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आलं. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव आज तिथल्या प्रत्येक पदवी प्रमाणपत्रावर छापलं जातं. मध्ये होती फक्त एक वही आणि ती दाखवायची सुचलेला एक मुलगा.

बहिणाबाई एकट्या होत्या का? हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव हिंडून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. ओव्यांबरोबर त्या गाणाऱ्या बायकांची नावंही नोंदली गेली आणि हा ठेवा आज इंटरनेटवर ऐकता येतो. एक लाख ओव्या म्हणजे दिवसाला दहा वाचल्या तरी सत्तावीस वर्षं पुरतील. ज्या कुणी टिपल्या नाहीत, त्यांची तर गणतीच नाही.

७१ वर्षांचा नियम जिथे मोडतो

आता त्या ७१ वर्षांकडे परत येऊ. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्याला सुमारे ७३० वर्षं झाली. दर ७१ वर्षांनी नाव निम्मं होतं असं धरलं, तर एवढ्या काळात ते दहा वेळा निम्मं व्हायला हवं. दहा वेळा निम्मं म्हणजे १,०२४ वा भाग. हजारात एक उरायला हवा होता.

प्रत्यक्षात काय आहे? २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या ९८,९२३ होती. आषाढी एकादशीला तिथे दहा लाखांहून अधिक माणसं जमतात. गावाच्या दसपट गर्दी. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर लोक चालत येतात, आणि वाटभर दोन नावं घेत येतात: ज्ञानोबा, तुकाराम.

साधा हिशेब करू. समजा एक लाखच वारकरी चालले. प्रत्येकाने दिवसातले सहा तास, दर दहा सेकंदांना एकदा हे नाव घेतलं. एका दिवसात एका माणसाच्या तोंडून २,१६० वेळा. वारीच्या अठरा दिवसांत ३८,८८० वेळा. एक लाख माणसांच्या तोंडून ३८८ कोटी ८० लाख वेळा. यूट्यूबची मोजणी ज्या आकड्याशी अडली होती, त्याहून हे दीडपटीपेक्षा जास्त भरतं, आणि तेही एका वारीत. ही वारी दरवर्षी होते. हातात यंत्र नाही, जाहिरात नाही, कुणी मोजतही नाही.

नाव टिकतं कशाने, याचं याहून स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. ज्ञानेश्वरी थोर आहेच. पण थोर ग्रंथ जगात अनेक लिहिले गेले आणि बरेचसे विसरले गेले. ज्ञानेश्वरीच्या मागे सातशे वर्षं माणसं उभी राहिली. प्रत्येक पिढीने ते नाव पुढच्या पिढीच्या तोंडी दिलं. ज्ञानोबांच्या शेजारी तुकोबांचं नाव जोडलं तेही लोकांनीच. त्या दोघांच्या जन्मात तीनशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे आणि लोकांच्या तोंडी ते एका श्वासात येतं.

आपल्या हातातला हिशेब

पहिली उडी कुणाची लागेल हे आपल्या हातात नाही. ती चोरीने लागू शकते, सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागू शकते, सुरुवातीच्या चार ऐकणाऱ्यांमुळे लागू शकते. पण कुणाचं नाव पुढे न्यायचं, हे प्रत्येक पिढी ठरवते आणि ती निवड आपण रोज करत असतो. एखादं नाव मुलांना सांगतो तेव्हा करतो आणि सांगायचं राहून जातं तेव्हाही करतो.

महाराष्ट्रात ३९० हून अधिक किल्ले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. रायगड, राजगड, शिवनेरी आता जगाच्या नकाशावर अधिक ठळक होतील, तिथे गर्दी वाढेल, निधीही येईल. पण उरलेल्या पावणेचारशेहून अधिक किल्ल्यांचे बुरूजही तसल्याच दगडाचे आहेत आणि त्यांच्यावरही माणसं लढली आहेत. त्यांची नावं टिकायची असतील तर ती पायथ्याच्या शाळेत घेतली गेली पाहिजेत, त्यांचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे.

लिहिण्याचं मोल किती, हे मोजताही येतं. ‘पँथिऑन’ची यादी बनली ती कुणाविषयी किती भाषांत लिहिलंय एवढ्यावर. खाशाबांनी कुस्ती कशी जिंकली हे ती यादी पाहत नाही, त्यांच्याविषयी लिहिलंय का, एवढंच पाहते. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत. मराठीत सुमारे एक लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. म्हणजे दर ८३० मराठी माणसांमागे एक लेख.

हा आकडा मी निराशेने सांगत नाही. या सगळ्या अवाढव्य आकड्यांत हाच एक असा आहे की जो आपल्याला बदलता येतो. अशा दर ८३० जणांतल्या एकाने, आयुष्यात एकदाच, आपल्या गावातल्या एका किल्ल्याविषयी, एका पैलवानाविषयी, ओव्या रचणाऱ्या एका आजीविषयी तपासून घेतलेली माहिती नीट लिहिली, तर एक लाखाचे दोन लाख होतात. बाकीच्या ८२९ जणांनी ती वाचून आपापल्या मुलांना सांगितली, तर त्या नावांना पुढची ७१ वर्षं नक्की मिळतात. त्यापुढचं त्यांची मुलं बघतील.